धूर आणि जन्मतारीख

२०२२ पर्यंत अवघी सहाशे रुपये असलेली आणि त्या वर्षी पाच हजारांवर नेलेली मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी थेट दहा हजार करण्यात आली, तेव्हा साखरा या आमच्या गावी दारात उभ्या असलेल्या १९७८ सालच्या पद्मिनी मोटारीचा सारा पूर्वेतिहास मनात जागा झाला.

१९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम अमलात आले, त्याची दखल आमच्या मुलखात फारशी कोणी घेतली नाही. खरी गंमत सुरू झाली ती १९९५ च्या एप्रिलात. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिसे हा त्या उपकरणाचा हाडवैरी असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोलही आले. ते देशभर पोहोचण्यास मात्र २००० चा फेब्रुवारी उजाडला. जुन्या गाडीस ते यंत्र जोडा, असे सरकार म्हणत नव्हते. इंजिन नुसते चालू ठेवले असता धुरातील कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, एवढीच काय ती अट होती, आणि ती न्याय्य होती, असे माझे आजही मत आहे.

पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, काढण्यापूर्वी आमचे मिस्त्री बॉनेट उघडून कार्बोरेटरचा मिश्रणाचा स्क्रू पाव आटा आत घेत, इंजिनाचा आवाज एकसारखा होईतो कान देऊन उभे राहत, आणि मगच सायलेन्सरात तपासणीची नळी जाऊ देत. आकडा निमूटपणे मर्यादेत राही. त्याच रस्त्याने डिझेलात रॉकेल मिसळलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा, टपावर व पायरीवर माणसे घेऊन, काजळी ओकत धावत आणि गाडी डोळ्यांनी न पाहताच दिलेले दाखले खिशात बाळगत. त्याचा माझा राग अद्याप निवळलेला नाही. ते मिस्त्री गेले, त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुले संगणक लावल्यावाचून गाडीस हात लावीत नाहीत (त्यांना तरी दोष काय द्यावा?).

पुढची ‘भारत स्टेज’ या धुराच्या मानकांची प्रकरणे नव्या गाड्यांची. त्यांत मला रस नाही. परंतु २०१० साली राज्याने पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांवर पर्यावरण कर बसविला, आणि तेथून धुराऐवजी जन्मतारीख तपासण्याचा रिवाज रूढ झाला. जो कर स्वच्छ इंजिनास आणि धुराड्यास सारखाच लागू होतो, त्यास पर्यावरणाचे नाव कशाला?

२०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांपुढील वाहनांना ‘व्हिंटेज’ हा मान बहाल केला. आमची पद्मिनी २०२८ साली त्यास पात्र ठरेल. वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक घेतला, तर ती मेळ्यात मिरवू शकेल, प्रदर्शनात उभी राहू शकेल, दुरुस्तीस वा पेट्रोल भरण्यास बाहेर पडू शकेल. सेनगावहून बी-बियाण्याची पोती आणण्याची मुभा मात्र तिला असणार नाही.