विक्रोळीचं इंजिन आणि मिश्र इंधन

अमरावती-बडनेरा-अकोल्याहून रात्री निघालेली अंबा एक्स्प्रेस पहाटे विक्रोळी ओलांडते, तेव्हा डबा बहुतेक झोपलेला असतो. इथल्याच गोदरेजच्या कारखान्यात इस्रोचं 'विकास' इंजिन तयार होतं. चांद्रयान-3 वाहून नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती.

त्याचं इंधन मिश्र आहे: 75 टक्के यूडीएमएच (डायमिथाइल हायड्रेझिनचा एक प्रकार), 25 टक्के हायड्रेझिन हायड्रेट. मिसळायचं कशाला? विकासचं मूळ फ्रेंच 'व्हायकिंग' इंजिनात. त्यावर उडालेलं एरियन रॉकेट मे 1980 मध्ये पडलं. ज्वलन डळमळलं, दाबाच्या लाटा उसळल्या. मग इंजेक्टर सुधारला आणि इंधनही बदलून असं मिश्र केलं. हायड्रेटमधलं पाणी वाफ होताना उष्णता शोषतं. तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसं. जोर थोडा घटतो, पण जाळ ताळ्यावर राहतो. सौदा फायद्याचाच, असं माझं मत.

इंधन जाळणारा जोडीचा नायट्रोजन टेट्रॉक्साइड आपल्या रायगडातल्या रसायनीचा. दोघं भेटले की ठिणगीविना पेट घेतात! दोन्ही जहाल विषारी. इंजिनाची चाचणी तमिळनाडूत महेंद्रगिरीला, ते जखडून होते. गगनयानासाठी 14 जुलै 2021 रोजी ते तिथं सलग 240 सेकंद चाललं.