रुग्णसहभाग : आरोग्यसेवेच्या सुधारणेचा पाया

कोणत्याही रुग्णालयाचा वार्षिक अहवाल उघडला की प्रथम आकडे समोर येतात. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले, किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, देणग्या किती आल्या आणि त्यांचा विनियोग कसा झाला, हे सर्व सांगणे संस्थेचे कर्तव्यच आहे. परंतु काही गोष्टी या आकड्यांत कधीच उतरत नाहीत. खर्चाच्या धास्तीने किती जण दारातूनच परत गेले, केसपेपरवर लिहिलेले किती जणांना समजले, सवलतीची खाट उपलब्ध असूनही तिची माहिती नसल्याने कोणत्या कुटुंबाने दागिने गहाण ठेवले, हे केवळ रुग्ण आणि त्याचे नातेवाईकच सांगू शकतात. म्हणूनच आरोग्यसेवेच्या सुधारणेत रुग्णांचा सहभाग हा विषय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे.

सहभाग म्हणजे काय ?

रुग्णालयाच्या भिंतीवर तक्रारपेटी लावणे किंवा निरोपाच्या वेळी शेरेवहीत दोन ओळी लिहून घेणे, एवढ्याने सहभाग होत नाही. सेवा कशी असावी हे ठरवताना, ती कशी चालली आहे हे पाहताना आणि त्रुटी दूर करताना जो ती सेवा घेतो त्याला स्थान असणे, म्हणजे सहभाग. १९७८ साली अल्मा-आटा येथे झालेल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्याने हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत वैयक्तिक तसेच सामूहिकरीत्या भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, असे त्यात म्हटले आहे.

ही गरज केवळ गरीब देशांची आहे असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेत बहुतेक नागरिकांची नोंद आपल्या परिसरातील एखाद्या दवाखान्यात असते. तेथेही १९७० च्या दशकापासून काही दवाखान्यांत रुग्णांचे सहभाग गट स्थापन होऊ लागले. डॉक्टरांची भेट मिळण्यास लागणारा विलंब, दूरध्वनी न लागणे, वृद्धांची गैरसोय अशा विषयांवर हे गट दवाखान्याशी बोलतात. एप्रिल २०१५ पासून असा गट असणे हा तेथील दवाखान्यांच्या शासनाशी असलेल्या कराराचाच भाग झाला आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अभिमानास्पद आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे कार्य सुरू केले, तेव्हा त्या दुष्काळी भागातील लोकांची पहिली निकड होती ती अन्नाची आणि पाण्याची. ती मान्य करूनच त्यांनी आरोग्याचे काम उभे केले. गावोगावी शेतकऱ्यांची मंडळे झाली. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण, लसीकरण, अतिसार, कुपोषण यांची जबाबदारी त्यांनी समर्थपणे पेलली. ज्यांना केवळ रुग्ण मानले जाई, तेच सेवेचे आधारस्तंभ झाले. १९७९ साली आरोळे दाम्पत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासी बांधवांना विचारले की आजारी असूनही आपण रुग्णालयात का येत नाही. उत्तरे वैद्यकीय पुस्तकांत सापडणारी नव्हती. मोठ्या इमारतीत आपण हरवून जाऊ, तेथील भाषा कळणार नाही, नातेवाइकांना जवळ राहू देणार नाहीत, अशी भीती त्यांना वाटे. पांढऱ्या वस्त्रांतील डॉक्टर आणि परिचारिका पाहून प्रेतावर घालण्याच्या पांढऱ्या कपड्याची आठवण होई. मग शोधग्राम येथील रुग्णालय लोकांच्या सूचनेनुसार आदिवासी गावासारखे उभे राहिले. रुग्णासोबत आप्तांना राहता येईल अशा झोपड्या बांधल्या गेल्या आणि दवाखान्यास त्यांच्या आराध्य देवतेचे, माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. औषध तेच होते. ते घेण्यासाठी पायरी चढण्याचा धीर मात्र या प्रश्नोत्तरांतून आला.

गावाने केलेली देखरेख

वरील दोन्ही उदाहरणे सेवाभावी संस्थांची आहेत. शासकीय व्यवस्थेत हे घडू शकते काय, याचे उत्तर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात शोधले गेले. २००५ साली सुरू झालेल्या या अभियानात गावपातळीवर आरोग्य समिती आणि तिच्यासाठी वार्षिक १०,००० रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रे व रुग्णालये यांच्यासाठी रुग्ण कल्याण समित्यांची योजना झाली. रुग्ण कल्याण समितीची कल्पना त्यापूर्वी १९९४ साली इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात आकारास आली होती.

अभियानाचाच एक भाग म्हणून २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख आणि नियोजनाची प्रक्रिया सुरू झाली. प्रारंभी अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तत्कालीन उस्मानाबाद, आताचा धाराशिव, हे पाच जिल्हे निवडण्यात आले. पुण्यातील 'साथी' या संस्थेकडे राज्यस्तरीय समन्वय होता आणि अनेक स्थानिक संस्था व संघटना तीत सहभागी होत्या.

या प्रक्रियेची रीत समजून घेण्यासारखी आहे. सपाटीच्या प्रदेशात साधारण ३०,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथे मिळणाऱ्या सेवांची यादी प्रथम गावकऱ्यांना समजावून देण्यात आली, कारण आपल्याला काय मिळायला हवे हेच ठाऊक नसेल तर काय मिळाले नाही हे कोण सांगणार ? त्यानंतर समितीचे सदस्य गावात व केंद्रात जाऊन माहिती घेत. परिचारिका गावात येते का, लसीकरण वेळेवर होते का, औषधे केंद्रातून मिळतात की बाहेरून आणावी लागतात, बाळंतिणीला जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळाले का, असे प्रश्न विचारले जात. मिळालेली माहिती प्रगतिपत्रकावर रंगांनी दाखवली जाई. चांगल्या सेवेला हिरवा, मध्यम सेवेला पिवळा आणि असमाधानकारक सेवेला लाल रंग. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपल्या दवाखान्याची स्थिती एका दृष्टिक्षेपात कळत असे.

त्यापुढचा टप्पा जनसुनावणीचा. ग्रामस्थ, लोकप्रतिनिधी आणि आरोग्य अधिकारी एका मांडवात बसत. लोक आपले अनुभव सांगत आणि अधिकाऱ्यांनी त्याच ठिकाणी उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असे. या प्रयत्नांतून अनेक ठिकाणी बाहेरची औषधे लिहून देण्याचे आणि बेकायदा पैसे घेण्याचे प्रकार कमी झाले, तर काही ठिकाणी बंद पडलेल्या सेवा पुन्हा सुरू झाल्या. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांनाही याचा लाभ झाला. निवासस्थानाची दुरवस्था, औषधांचा अपुरा पुरवठा या त्यांच्या अडचणी वरिष्ठांपर्यंत पोहोचवण्यास आता गावाचा आवाज त्यांच्यासोबत होता.

मर्यादांची जाणीव

अर्थात हा मार्ग सोपा नाही. जे प्रश्न केंद्राच्या वा तालुक्याच्या पातळीवर सुटण्यासारखे होते ते सुटले. परंतु डॉक्टरांची रिक्त पदे आणि औषधांची खरेदी यांचे निर्णय वरच्या पातळीवर होत असल्याने हे प्रश्न पुन्हा पुन्हा मांडूनही पुष्कळदा तसेच राहिले. समितीत केवळ गावातील प्रतिष्ठित मंडळी बसली आणि स्त्रिया, मजूर, वाडीवस्तीवरील माणसे बाहेर राहिली, तर समिती कागदावरच उरते. सर्वांत मोठी अडचण भीतीची असते. उद्या पुन्हा त्याच डॉक्टरांकडे आजारी मूल घेऊन जायचे आहे, ही जाणीव असलेली आई तक्रार करण्यापूर्वी दहा वेळा विचार करते. म्हणून रुग्ण बोलत नाही याचा अर्थ तो समाधानी आहे, असा घेता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयाचे उत्तरदायित्व

आता प्रश्न उरतो तो आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. २०२१ साली महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले.

हे नियम पाळले जातात की नाही याची पहिली परीक्षा कार्यालयातील नोंदवहीत नव्हे, तर प्रवेशाच्या खिडकीपाशी होते. राखीव खाटेची माहिती रुग्णाच्या नातेवाइकांना कोणी आपणहून दिली का ? शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला कोठे दाखवायचा, हे त्यांना कळले का ? देयकातील प्रत्येक रकमेचा अर्थ विचारण्याचे धैर्य त्यांना झाले का ? याची उत्तरे विश्वस्तांना रुग्णांकडूनच मिळवावी लागतील.

गावोगावच्या अनुभवांतून यासाठी चार साध्या गोष्टी हाती लागतात. पहिली, विचारणे. रुग्ण घरी गेल्यानंतर, उपचार करणाऱ्यांखेरीज अन्य व्यक्तीने विचारले तर तो मोकळेपणाने बोलतो. दुसरी, नोंदणे. तोंडी सांगितलेले विरून जाते, लिहिलेले टिकते. तिसरी, ठरलेल्या दिवशी आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने उत्तर देणे. आणि चौथी, जी सर्वाधिक विसरली जाते, ती म्हणजे केलेली सुधारणा सांगणाऱ्यास कळवणे. आपल्या सांगण्याने औषधखिडकीची वेळ वाढली, हे ज्या कुटुंबास कळते ते पुढच्या वेळी अधिक विश्वासाने बोलते. जी सूचना अमलात आणता येत नाही, तिचे कारणही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे.

आपण दिलेल्या देणगीतून इमारत उभी राहते, यंत्रसामग्री येते, निर्धन रुग्णाचे देयक भागते. त्या दानाचे मोल कोणत्याही शब्दांत होणार नाही. परंतु ते दान ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचले का, हे पाहणारे डोळे रुग्णाचे आहेत. देणगीदारांनी आपल्या पैशाचा हिशेब विचारावा, तसाच रुग्णांना काय विचारले आणि त्यावर काय केले, याचाही हिशेब विचारावा. रुग्णांच्या आप्तांनी संकोच न बाळगता बोलावे. त्यांचे बोलणे हीदेखील संस्थेस दिलेली देणगीच आहे. आणि विश्वस्तांनी व वैद्यकीय सेवकवर्गाने ती इतर देणग्यांप्रमाणेच पावती देऊन स्वीकारावी, हीच नम्र अपेक्षा.