अपघातानंतर विमा कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी

घरातला कमावता माणूस रस्ता अपघातात गेला. जियारत उरकते न उरकते तोच कुणीतरी दारात येतं. "कंपनी पाच लाख द्यायला तयार आहे. सही करा, महिन्याभरात पैसे खात्यात. कोर्टात गेलात तर वर्षानुवर्षं चकरा माराल." घरात उद्या चूल कशी पेटवायची हा प्रश्न असतो. सही होते, आणि नुकसान तिथेच होतं.

हे पाच लाख कंपनीची मेहेरबानी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार, चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई ठरलेली आहे. पण ही रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. हे दारात आलेला माणूस सांगत नाही.

मोठा दावा किती मोठा? एक उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा रिक्षाचालक, महिन्याची कमाई १५ हजार. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती या हिशेबाने त्यात ४० टक्के मिळवतात. झाले २ लाख ५२ हजार. मागे चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १ लाख ८९ हजार. या वयासाठी गुणक १६. एकूण ३० लाख २४ हजार. सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली ही पद्धत आहे. कुठे ५ लाख आणि कुठे ३० लाख! अर्थात समोरच्या गाडीची चूक सिद्ध करावी लागते. ते अगदीच अवघड असेल, तर ५ लाख घेण्यात शहाणपण आहे. पण तो निर्णय वकिलाला विचारून घ्या, दारात उभं राहून नको.

दावा टिकतो तो कागदांवर. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम अहवाल, हे तिन्ही हवेतच. दफन लवकर व्हावं म्हणून आपल्याकडे बरेच जण पोस्टमॉर्टेम नको म्हणून हातापाया पडतात. भावना समजण्यासारखी आहे. पण तो अहवाल नसेल तर "मृत्यू अपघातामुळेच झाला कशावरून?" असं कंपनी विचारते. काही तास थांबा, डॉक्टर-पोलिसांना लवकर करण्याची विनंती करा, पण टाळू नका.

कमाईचा पुरावाही शोधून ठेवा. रिक्षाचं परमिट, बँक पासबुक, मालकाचं पत्र, हिशेबाची वही, जे असेल ते. जखमी असाल तर दवाखान्याची प्रत्येक पावती आणि डिस्चार्ज कार्ड जपा. गाडीच्या नुकसानीचा दावा असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी दुरुस्तीला टाकू नका.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात दूरच्या हायवेवर झाला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून चाळिसाव्यानंतर बघू असं म्हणत महिने घालवू नका. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या.

"ड्रायव्हरचं लायसन्स नव्हतं, कंपनी देणार नाही" असं सांगितलं तरी खचू नका. अशा प्रकरणांत आधी पीडितांना पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजारांची सरकारी योजना आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

वकील मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागत असेल तर ते नियमाविरुद्ध आहे. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

मोहल्ल्यात असा प्रसंग आला तर जेवणाचे डबे पोचवाच. पण त्या घरातल्या बाईला एवढंही सांगा, "आपा, विचारल्याशिवाय कशावर सही करू नका."