घरमालकीण व्हायचंय? मग आधी हे वाचा!

‘‘ताई, तुमच्याकडे किरायाने खोली मिळेल का हो?’’ बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावात जून उजाडला, की हा प्रश्न दारोदार फिरू लागतो. बदली होऊन आलेले गुरुजी, बँकेतले कारकून, तहसील आणि कोर्टातले नोकरदार, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्यांनाच डोक्यावर छप्पर हवं असतं. आणि इकडे तुमच्या घरात थोरला पुण्याला नोकरीला, लेक सासरी. मागच्या अंगणातली खोली नुसती जुनी भांडी आणि गाद्या सांभाळत पडलेली. मनात येतंच, ‘‘द्यावी का किरायाने? महिन्याला दोन-अडीच हजार रुपये तरी आपल्या हातात येतील!’’

मैत्रिणींनो, विचार अगदी चांगला आहे. पण खोली देणं हा पापड-कुरडया विकण्यासारखा रोखीचा सौदा नव्हे. माणूस वर्ष-दोन वर्षं आपल्या अंगणात राहायचा, तेव्हा पैसा, कायदा आणि शेजारधर्म तिन्ही सांभाळावे लागतात. म्हणून पाटी लावण्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्या.

सुरुवात घरातल्या खोलीपासून

आजकाल कुणीही सांगतं, ‘‘नांदेडला एक फ्लॅट घेऊन टाका, किरायावर हप्ते फिटतील.’’ फिटतात का, ते आपणच पाहू. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, फ्लॅट पंचवीस लाखांचा आणि किराया महिना ८,००० रुपये. वर्षाचे झाले ९६,०००. त्यातून एक महिना जागा रिकामी राहिली म्हणून ८,००० आणि सोसायटीचा खर्च, घरपट्टी, दुरुस्ती मिळून १८,००० वजा करा. उरले ७०,०००. म्हणजे शंभराला तीन रुपयेसुद्धा नाहीत! आणि त्यासाठी वीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढलं असेल, तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच एक लाख सत्तर हजारांच्या घरात जातं. वरचे लाखभर रुपये, शिवाय मुद्दल, आपल्याच खिशातून. ‘पुढे भाव वाढेल’ ही आशा झाली. आशेवर हप्ता भरता येत नाही.

आता मागच्या अंगणातली खोली घ्या. गिलावा, फरशी, वेगळं संडास-बाथरूम असा समजा दीड लाख खर्च आला. किराया २,५०० धरला, तर वर्षाचे ३०,०००. एक रिकामा महिना आणि किरकोळ खर्च असे ७,००० वजा केले, तरी २३,००० उरतात. साडेसहा वर्षांत घातलेला पैसा परत! आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच ठेवा. पहिला किरायादार घरच्या खोलीत ठेवून वर्षभर अनुभव घ्या. फ्लॅटचा विचार नंतर.

खोली कशी हवी?

दार स्वतंत्र हवं. किरायादाराला तुमच्या स्वयंपाकघरातून जावं लागत असेल, तर महिन्याभरात दोन्हीकडे धुसफूस सुरू होईल. विजेला सब-मीटर बसवा आणि दर महिन्याचं रीडिंग दोघांनी मिळून लिहा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

पाण्याचं तर काय सांगावं! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. त्या लातुरात शिकवण्यांसाठी गावोगावची मुलं रूम करून राहतात. त्यांचे पालक खोली पाहण्याआधी पाणी विचारतात. तुमचा नळ किती दिवसांनी येतो, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, टाकी किती लिटरची, हे आधीच खरं सांगून टाका.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या माळवदाच्या खोलीत कुणालाही ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत, ते झोपेतल्या माणसांवर कोसळलं. तशी खोली असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. जुन्या घरावर मजला चढवायचा असेल तरीही तेच. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाला वरचं वजन पेलेल का, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. नगरपालिकेची बांधकाम परवानगीही घ्या.

घर कुणाच्या नावावर आहे?

आता जरा नाजूक विषय. पुष्कळ बायका स्वतःच्या पाटल्या मोडून, बचत गटातून कर्ज काढून घराला खोली जोडतात. पण घर सासऱ्यांच्या किंवा यजमानांच्या नावावर असेल, तर कागदोपत्री ती खोलीही त्यांचीच! उद्या वाटणी निघाली, की तुमच्या पाटल्यांची नोंद कुठेच सापडत नाही.

म्हणून पैसे घालण्याआधी घराचे कागद पाहा. नगरपालिकेचा उतारा, ज्याला आपल्याकडे पीटीआर म्हणतात, तो कर कोण भरतं हे दाखवतो. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र शोधा. आपला भाग १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या वाड्यांचे दस्त उर्दूत असतात. ते जाणत्याकडून वाचून घ्या. आजेसासऱ्यांच्या नावचं घर असेल, तर वारस किती, हेही बघा.

हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून स्त्रीच्या नावची मिळकत तिच्या संपूर्ण मालकीची असते. मुसलमान भगिनींचा मेहरही त्यांचा स्वतःचाच असतो. हक्क आहे, पण तो कागदावर उतरायला हवा. १९९०च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात शेतकऱ्यांना आवाहन केलं होतं, की जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा. कित्येकांनी तो केलाही. जे शेताला, तेच घराला! यजमानांना सरळ सांगा, ‘‘माझा पैसा जातोय, माझंही नाव लागू द्या.’’ त्यात रुसण्यासारखं काही नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्राने नाव लागू शकतं आणि पत्नीला राहतं घर दिल्यास मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. नवं घर केवळ स्त्रीच्या नावे विकत घेतलं, तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. यजमानांनी मिळकत तुम्हाला बक्षीस दिली, तर मालकी तुमची होते, पण तिचा किराया आयकरासाठी त्यांच्याच उत्पन्नात धरला जातो. तुमच्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घराचा किराया तुमचा. म्हणून सोनं मोडल्याची पावती, माहेरून आलेल्या रकमेची बँकेतली नोंद जपून ठेवा. आणि किराया तुमच्याच खात्यात जमा होऊ द्या.

‘ओळखीचा आहे, कागद कशाला?’

ओळखीचा आहे म्हणूनच कागद करा, ओळख टिकते! मराठवाड्यात हैदराबादचा १९५४चा भाडे कायदा कितीतरी वर्षं चालू होता. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ही जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पुढे वाद झाला, तर अटींबद्दल किरायादार जे सांगेल ते खरं मानलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

‘‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही,’’ असं तुम्हाला चौकाचौकात ऐकायला मिळेल. महाराष्ट्रात ते खरं नाही. शंभराच्या स्टॅम्पवर सही घेऊन पेटीत ठेवलेला कागद वेळेला कामाचा नाही.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करा. साध्या भाडेकरूला कायद्याचं मोठं संरक्षण असतं. लायसन्समध्ये ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी असते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि अडवलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते, आता ऑनलाइनही होते. करारावर मालकाचीच सही हवी, हे विसरू नका.

करारात मुदत, किराया, अनामत, वीज-पाण्याचा खर्च, वाढ आणि किती दिवस आधी कळवून जागा सोडायची, हे स्पष्ट लिहा. किरायादाराचे आधार आणि नोकरीच्या ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात माहिती द्या.

कायदा दोन्ही बाजूंचा आहे, बरं का! किराया घेतला की पावती दिलीच पाहिजे. आणि किराया थकला म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं हा गुन्हा आहे. कितीही राग आला तरी तसं करू नका, नोटीस पाठवा.

माणूस कसा निवडाल?

नोकरी कुठे, किती माणसं राहणार, आधी कुठे राहत होते, एवढं विचारा. जमलं तर आधीच्या घरमालकिणीला फोन करा. पण आडनाव ऐकून ‘‘खोली दिली बाई कालच!’’ म्हणायची आपली सवय आता सोडायला हवी. किराया वेळेवर मिळणं न मिळणं जातीवर ठरत नाही. एकट्या राहणाऱ्या सिस्टरला किंवा शिक्षिकेलाही दहा घरं नकार देतात. उद्या आपलीच लेक नोकरीसाठी परगावी जाईल, तेव्हा कुणीतरी तिला दार उघडावं असं आपल्याला वाटेलच ना? बाकी तिच्याकडे कोण येतं-जातं, याची चौकीदारी करू नका. खोली दिली, की तिथे तिचा संसार.

एक वही घाला

किराण्याची वही असते तशी खोलीची एक वही घाला. डावीकडे आलेला किराया, उजवीकडे खर्च. आयकरात वर्षभराच्या किरायातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के सूट मिळते. त्यामुळे एका खोलीच्या उत्पन्नावर बहुतेकींना कर बसतही नाही. तरी नोंद ठेवाच. पुढे बँकेकडे कर्ज मागताना ती उपयोगी पडते. अनामत रक्कम मात्र परत द्यायची असते. ती सणावारात खर्च करू नका, वेगळी ठेवा.

यंदाच्या जूनमध्ये कुणी खोली विचारत आलं, तर लगेच ‘हो’ म्हणू नका. आधी कपाटातून घराचे कागद काढा आणि त्यावर कुणाकुणाचं नाव आहे, ते यजमानांसोबत बसून वाचा. मग खुशाल किल्ली हातात द्या!