टिपणांतून जुळलेला अभ्यासकवर्ग

विज्ञानाची वाढ प्रयोगशाळेत बसलेल्या थोड्या विद्वानांच्या हातूनच होते, असा एक सर्वसाधारण समज आहे. काही शास्त्रांपुरता तो खरा मानला, तरी पशुपक्ष्यांच्या अभ्यासात तो टिकत नाही. हिवाळ्यात येणारा एखादा पक्षी कच्छच्या किनाऱ्यावर केव्हा उतरतो, आसामात केव्हा दिसू लागतो आणि केरळातून केव्हा परत फिरतो, हे एकाच मनुष्याला एकाच वेळी पाहता येणे अशक्य आहे. त्यासाठी देशभर विखुरलेले शेकडो डोळे हवेत. आणि त्या डोळ्यांनी पाहिलेले एकत्र आणणारी, पारखणारी व जतन करणारी एखादी जागाही हवी. भारतात ही जागा प्रथम नियतकालिकांच्या पानांवर निर्माण झाली. तेथे वाचक हाच लेखकही होता.

एका माणसाभोवती विणलेले जाळे

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव १८८५ मधील राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी निगडित आहे. परंतु तत्पूर्वी ते भारतीय पक्ष्यांचे थोर अभ्यासक म्हणून प्रसिद्ध होते. १८७२ च्या सुमारास त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे ‘विखुरलेली पिसे’, या नावाचे नियतकालिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांत नोकरीनिमित्त राहणारे मुलकी व लष्करी अधिकारी आपापल्या भागातील पक्ष्यांविषयी त्यांना लिहून कळवीत. ह्यूम ती माहिती छापीत, तिच्यावर मत देत आणि नवे प्रश्न विचारीत. दूरच्या ठाण्यावर एकाकी पडलेल्या निरीक्षकाला आपल्यासारखेच आणखी पुष्कळजण आहेत, ही जाणीव या पानांनी करून दिली.

ह्यूम यांच्या मनात भारतीय पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावयाचे होते. त्यासाठी अनेक वर्षे जमविलेली हस्तलिखिते सिमल्यास त्यांच्या घरी होती. ते घरी नसताना एका नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. या आघाताने ह्यूम यांचा उत्साह मावळला. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२ हजार नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि पुढे थोड्याच वर्षांत नियतकालिकही थांबले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. एकाच घरात राहिलेले ज्ञान एका दिवसात नाहीसे झाले. परंतु जे छापून वर्गणीदारांच्या कपाटांत गेले होते, ते शिल्लक उरले. ‘स्ट्रे फेदर्स’चे खंड आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट अशी की, सारे धागे एकाच माणसाच्या हाती असले म्हणजे त्याचा हात सैल पडताच जाळेही विसकटते.

मुंबईची संस्था

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले आणि त्यांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते, पैकी डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत व जमविलेले नमुने दाखवावेत, एवढाच प्रारंभीचा हेतू होता. पुढल्याच वर्षी एच. एम. फिप्सन या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील एक खोली संस्थेला वापरण्यास दिली.

जानेवारी १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. त्यात विद्वानांचे दीर्घ लेख येतच; परंतु त्यांच्यामागे ‘संकीर्ण टिपणे’ हा एक विभाग असे. अवघ्या काही ओळींचे टिपणही तेथे छापले जाई. ते लिहिणारा वनाधिकारी असो, चहामळ्याचा व्यवस्थापक असो की शाळामास्तर असो, कोणी, कोठे, केव्हा आणि काय पाहिले, एवढेच त्यास सांगावयाचे असे. शंकास्पद टिपणाखाली संपादक चौकटी कंसात आपला अभिप्राय देत. पुढील एखाद्या अंकात दुसरा वाचक त्याच विषयावर लिहून पहिल्यास दुजोरा देई वा त्याची चूक दाखवून देई.

वाचक पुनःपुन्हा का लिहितो?

असा विभाग दीर्घकाळ जिवंत राहण्यास काही कारणे असतात. पहिले कारण म्हणजे उत्तर. आपण पाठविलेले कोणीतरी लक्षपूर्वक वाचले, ही खात्री पटली की मनुष्य दुसऱ्यांदा लेखणी उचलतो. दुसरे कारण म्हणजे नाव. टिपणाखाली निरीक्षकाचे नाव छापले जाते. त्यामुळे श्रेय मिळते, तद्वतच जबाबदारीही येते. तिसरे कारण म्हणजे पाहिलेले आणि तर्काने ठरविलेले यांची फारकत. ‘पक्षी घरट्यात चोचीने काडी नेताना दिसला’ हे निरीक्षण होय. ‘पक्षी येथे दरवर्षी वीण करतो’ हा तर्क होय. ही शिस्त पाळली म्हणजे मतभेद व्यक्तीशी न होता पुराव्याशी होतो, आणि नवशिक्याची चूक दुरुस्त होऊनही त्याचा अवमान होत नाही.

रद्दीच्या टोपलीतून वाचलेले टिपण

सगळीच टिपणे आनंदाची नसतात. मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन नर चित्त्यांची शिकार केली. ती वार्ता छायाचित्रासह संस्थेकडे आली आणि १९४८ साली नियतकालिकात प्रसिद्ध झाली. संपादकांना या हत्येची इतकी किळस आली की, तो मजकूर टोपलीत टाकून द्यावा असेच त्यांच्या मनात प्रथम आले. तरीही त्यांनी तो छापला. गौरवासाठी नव्हे, तर आरोपपत्र म्हणून, असे त्यांनी स्पष्ट केले. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. टिपण टोपलीत गेले असते, तर भारतातील अखेरच्या चित्त्यांविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा कायमचा हरपला असता.

गिधाडांची कथाही अशीच बोलकी आहे. भरतपूर येथील केवलादेव उद्यानातील गिधाडे झपाट्याने कमी झाल्याचे विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये याच नियतकालिकातून दाखवून दिले. १९८० नंतरच्या दशकातील मोजणी त्यांच्यापाशी होती, म्हणूनच नंतरची घट आकड्यांनी सिद्ध करता आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध या संहाराचे कारण असल्याचे २००४ मध्ये निष्पन्न झाले, आणि २००६ मध्ये भारत सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. जेव्हा एखादा पक्षी विपुल असतो, तेव्हा त्याची मोजदाद करणे निरर्थक वाटते. तो दिसेनासा झाला म्हणजे तीच मोजदाद अनमोल ठरते.

परंपरा पुढे चालू

१९६० च्या सुमारास झफर फतेहअली यांनी मुंबईहून पक्षिनिरीक्षकांसाठी इंग्रजीत एक लहानसे वार्तापत्र काढले आणि हौशी निरीक्षकांना लिहिते केले. पुढे या वर्गाचा विस्तार कल्पनेपलीकडे झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला असून त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. साधने बदलली, परंतु कोणी, कोठे, केव्हा आणि काय पाहिले, हे चार प्रश्न तेच राहिले.

कोणत्याही शाळेला किंवा ग्रंथालयाला हे कार्य आरंभिता येईल. दाराशी एक वही ठेवावी. गावात पहिला चातक केव्हा ऐकू आला, तळ्यावर बदके किती उतरली, हे ज्याने पाहिले त्याने तारखेसह व नावासह लिहावे. दुसऱ्याने त्याखाली आपली शंका वा दुजोरा नोंदवावा. आणि आठवड्यातून एकदा शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने प्रत्येक नोंदीस उत्तर द्यावे. वही भरली की तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी. सिमल्याच्या बाजारात जे घडले, ते पुन्हा कोठेही घडू नये.