तोडली तरी फुटते

भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. तिथला हिरव्या मिरचीचा बाजार नावाजलेला आहे. मिरची, कपाशी, मका ही या भागातली पिके. पण शेती आली म्हणजे बैल आले. घरात एखादी म्हैस असते, चार शेळ्या असतात. ही जनावरे चरणार कुठे? गावच्या गायरानात.

आणि आज गायरानात काय दिसते? बऱ्याच गावांत गवत थोडे आणि वेडी बाभूळ फार.

"मागल्या साली समदं गायरान तोडून काढलं," एक म्हातारे आबा सांगतात. "सरपण झालं. म्हटलं, आता गवत येईल. पाऊस पडला, अन् जिथं एक खोड होतं तिथं सात धुमारे फुटले. आता तर शेळीबी आत शिरंना!"

असे बोलणे कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. आबांचे म्हणणे खोटे नाही. वेडी बाभूळ नुसती तोडली की मरत नाही. उलट जास्त दाट होते. असे का होते ते आधी समजून घेऊ. औषधाचे मग बोलू.

हे झाड आपल्याकडचे नव्हे. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडे. इंग्रजांच्या राज्यात, १८७७ च्या सुमारास, त्याचे बी आपल्या देशात आणले. उजाड माळ हिरवे व्हावेत, गरिबांना सरपण मिळावे, असा हेतू होता. हेतू वाईट नव्हता. सरपण मिळालेही. पण झाड सांगितले तेवढ्याच जागेत राहिले नाही. गुजरातेत कच्छमध्ये बन्नी नावाचा गवताचा फार मोठा मुलूख आहे. खारी जमीन पसरू नये म्हणून तिथे १९६० नंतर हेच झाड मुद्दाम लावले. आज तिथल्या गवताची मोठी जागा त्याने खाल्ली आहे. तिथले गुराखी आता ते मुळासकट काढून पुन्हा गवत आणण्याच्या खटपटीत आहेत.

आपली देशी बाभूळ निराळी, हे विसरू नका. देशी बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल असते. तिची शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. वेड्या बाभळीचे फूल लांबट तुऱ्यासारखे असते. शेंग पिवळसर, गोड आणि गराने भरलेली. देशी बाभळीवर कुऱ्हाडही नको आणि औषधही नको. तिच्या लाकडाची औते होतात, पाल्यावर शेळ्या जगतात.

आता धुमाऱ्यांचे कारण. जुन्या काळी आपल्याकडे धान्य पेवात भरून ठेवत. पेव जमिनीखाली असे. वरचे घर जळाले तरी पेवातले धान्य शाबूत राही आणि त्यावर घरदार पुन्हा उभे राही. झाडाचे मूळ म्हणजे झाडाचे पेव. पाने उन्हात अन्न तयार करतात. उरलेले अन्न खाली मुळात साठते. आपण कुऱ्हाड चालवतो ती वरच्या घरावर. पेवाला धक्काच लागत नाही. खोड आणि मूळ जिथे जुळतात, तिथे जमिनीत झोपलेले डोळे असतात. वरचे खोड गेले की ते जागे होतात. पेवातले अन्न खाऊन एकदम सात-आठ जण वर येतात.

म्हणजे काम खोडाचे नाही, जमिनीतल्या डोळ्यांचे आहे.

झाड लहान असेल, मनगटाएवढे किंवा त्याहून बारीक, तर औषधाचे नावही काढू नका. पहिले एक-दोन पाऊस झाले की जमीन मऊ होते. तेव्हा टिकाव आणि पहार घेऊन जा. बुंध्याभोवतीची माती काढा. वीत-दीड वीत खाली मूळ तोडा. वरचा गड्डा बाहेर काढून उन्हात उलटा टाका. डोळे त्या गड्ड्यातच असतात, म्हणून खालचे मूळ मग सहसा फुटत नाही. कष्ट आहेत, पण पैसा लागत नाही आणि विषही नाही.

मोठ्या झाडाचे मूळ असे निघत नाही. तिथे तणनाशक औषध उपयोगी पडते. आणि इथेच माणसे चुकतात.

"आबा, कशाला एवढी खटपट?" पाठीवर पंप अडकवून आलेला तरुण म्हणतो. "पंप भरतो अन् सगळ्या धुमाऱ्यांवर फवारा मारतो. दुपारपर्यंत काम फत्ते!"

"बाळा, वारं कुठलं हाय बघितलंस का?" आबा विचारतात. "गायरानाच्या बांधाला मिरची कुणाची हाय?"

आबांचा प्रश्न लाखमोलाचा आहे. टू फोर डी नावाचे एक तणनाशक बाजारात मिळते. ते गवताला सहसा मारत नाही, रुंद पानाच्या झाडांना मारते. ऐकून वाटते, गायरानाला हेच बरे. पण कपाशी आणि मिरचीही रुंद पानाचीच! कपाशीला तर या औषधाचा थेंबभर वाराही सोसत नाही. पाने बारीक, लांबट, वाकडी होतात. वाढ खुंटते. त्याचे काही प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातात. गायरानात फवारले आणि शेजाऱ्याचे वर्षाचे पीक गेले, तर मग भाऊबंदकीला वेगळे कारण लागत नाही. दुसरे, तोच पंप नीट न धुता कपाशीला वापरला तर स्वतःचेच पीक जाते. असे पुष्कळांचे झाले आहे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

ग्लायफोसेट नावाचे दुसरे औषध आहे. ते पानातून किंवा ताज्या जखमेतून आत शिरते आणि अन्नाच्या वाटेने मुळापर्यंत जाते. म्हणून बुडख्यासाठी ते वापरतात. पण ते गवतही मारते. वरून फवारले तर बाभळीबरोबर चाराही जाईल. तिसरे पॅराक्वाट. ते फक्त पाने जाळते, मुळापर्यंत जात नाही. महिन्याभरात पुन्हा धुमारे. आणि ते माणसाच्या पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. त्याच्या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

म्हणून औषध हवेत उडवायचे नाही. ब्रशने बुडख्याला लावायचे. झाड जमिनीलगत, सपाट कापावे. कापावरचा भुसा झटकावा. मग लगेच, चार-पाच मिनिटांच्या आत, औषध लावावे. उशीर झाला की जखम सुकते आणि औषध आत जात नाही. म्हणून दोघांनी मिळून काम करावे. एकाने कापावे, दुसऱ्याने मागोमाग ब्रश फिरवावा. सगळी झाडे सकाळी कापून औषध संध्याकाळी लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

बुडख्यावर औषध कुठे लावायचे? मध्यभागी नव्हे. मधले लाकूड बहुतेक मेलेले असते. साल आणि लाकूड यांच्या मध्ये एक पातळ, ओला, जिवंत थर असतो. अन्नाची वाट तिथेच, सालीलगत आहे. कडेकडेने गोल ब्रश फिरवावा. 

पावसाळा संपला की, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, हे काम करावे. तेव्हा पाला भरपूर असतो आणि झाड अन्न खाली पेवात भरत असते. त्या अन्नाबरोबर औषधही खाली जाते. भर उन्हाळ्यात झाड तहानलेले, मंद असते. औषध नीट उतरत नाही. पावसात तर लावूच नये. ओघळून गवतात आणि ओढ्यात जाईल.

औषध आणण्याआधी दोन गोष्टी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की ग्लायफोसेट परवाना असलेल्या कीडनियंत्रकानेच वापरावे. म्हणून दुकानात जाण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला नियम विचारा. परवानाधारक माणूस ग्रामपंचायतीने बोलवावा आणि गावाने जवळ उभे राहून काम पाहावे. दुसरी गोष्ट, गायरान एकट्याचे नाही. ग्रामसभेत विषय काढा. झाडे तोडायला कोणाची परवानगी लागते ते तिथेच विचारा. ज्या बायाबापड्यांची चूल या लाकडावर पेटते त्यांनाही बोलवा. एका कडेचा पट्टा सरपणासाठी ठेवायचा का, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरवणे मला तरी बरोबर वाटत नाही.

आता डब्याकडे पाहा. तुम्हाला वाचता येते आहे, त्याचा इथे खरा उपयोग. डब्यावर एक चौकोन उभा काढलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी. मग पिवळा, मग निळा. हिरवा त्यातल्या त्यात कमी; पण हिरवा म्हणजे सरबत नव्हे. पाणी किती घालायचे, जनावरे किती दिवस आत सोडायची नाहीत, हे डब्यासोबतच्या कागदावर असते. दुकानदार तोंडी सांगतो त्यापेक्षा कागद खरा. मरगळलेला पाला कधीकधी जनावरांना गोड लागतो, म्हणून तेवढे दिवस गुरे खरोखरच बाहेर ठेवावीत.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते औषध किडीचे होते, तणाचे नव्हते. पण अंगावर विष घेण्याची रीत तीच: उघडे हात, उघडे तोंड. हातात रबरी मोजे घाला. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घाला. कामात तंबाखू मळू नका. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. घरात पोरे असतात. कोणाच्या पोटात गेलेच, तर ओकारी काढण्याच्या नादी लागू नका. माणसाबरोबर औषधाचा डबाही दवाखान्यात न्या. डॉक्टरला कागद वाचून लगेच समजते.

एवढे करूनही एक वाट उघडी राहते. ती शेळीच्या पोटातून जाते! शेळ्या-गुरे गोड शेंगा खातात. बी पचत नाही, लेंडीतून आणि शेणातून बाहेर पडते आणि खतासकट रुजते. आपणच पेरणी करतो म्हणा ना. म्हणून पिकलेल्या शेंगा वेचून आणा. बीसकट बारीक दळून मग थोड्या थोड्या चारा. दळलेले बी उगवत नाही. नुसत्या शेंगांवर गुरे ठेवली तर ती आजारी पडतात, म्हणून बेतानेच. मोकळ्या झालेल्या जागेत पावसाच्या तोंडाला मारवेल किंवा पवन्याचे बी फेका आणि तेवढा तुकडा एक पावसाळा राखा. दाट गवतात बाभळीच्या रोपाला सहज जागा मिळत नाही.

औषध लावलेल्या बुडख्यांपैकी काही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतातच. धुमारा गुडघ्याएवढा व्हायच्या आत तिथे गेले पाहिजे. पण गवत वाढले की बुडखा सापडत नाही. काहीजण चुन्याची खूण करतात. चुना पहिल्याच पावसात धुऊन जातो. बुडख्याशेजारी तीन दगडांची उतरंड रचून ठेवावी.