वीस दिवसांतला सर्वात कमी भाव

मोमेंटम फंड विकणारा सोयगावचा एक तरुण त्याच टेबलावर कापसाच्या भावाचीही वही ठेवतो, असं एका स्नेह्याने सांगितलं तेव्हा फेब्रुवारी 2025 सरत आला होता. शेअर बाजार सप्टेंबरपासून उतरणीला लागलेला, कापूस हमीभावाच्या खाली पडून. दोन्हीकडे घसरण असताना हा माणूस लोकांना काय सांगत असेल, हे मला ऐकायचं होतं. म्हणून गेलो.

हळद्याचा घाट उतरून वेताळवाडीचा किल्ला मागे टाकला की सोयगाव येतं. जिल्हा मराठवाड्याचा, पण गाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या अंगाला. इथल्या कापसाच्या गाड्या पाचोरा, जामनेर, जळगावकडे वळतात.

त्याचं ऑफिस म्हणजे घराचीच बाहेरची खोली. टेबल, लॅपटॉप, भिंतीवर दोन फंड कंपन्यांची कॅलेंडरं. मधल्या दाराला साडीचा पडदा, आणि पडद्यामागे आढ्यापर्यंत कापूस. तेलकट, धुळकट, सरकीचा वास थेट टेबलापर्यंत येत होता. दोन मिनिटांत माझी मनगटं खाजू लागली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते चावतात आणि अंगभर पुरळ उठतं. 2023 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी हे सोसलं. माणसं अंगणात झोपत होती आणि कापूस घरात.

फोन सतत वाजत होता. "भाऊ, तुम्ही म्हणाले होते पळणारा फंड आहे. हा तर मागं पळतोय." तो आवाज न चढवता उत्तर देई. फोन ठेवला की मला समजावून सांगे. निफ्टी 200 मोमेंटम 30 नावाचा निर्देशांक आहे. दोनशे मोठ्या कंपन्यांमधून, गेल्या सहा आणि बारा महिन्यांत ज्यांचा भाव सर्वात जोमाने वाढला अशा तीस निवडायच्या. नुसती वाढ पाहायची नाही, भाव किती हेलकावे खातो तेही हिशेबात धरायचं. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, यादी बदलायची. युटीआयने 2021 मध्ये यावर पहिला इंडेक्स फंड आणला, मग इतर कंपन्यांची रांग लागली. या कल्पनेमागे अभ्यास पक्का आहे. भारतात शिकून अमेरिकेत गेलेले नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी 1993 मध्ये दाखवलं की मागच्या काही महिन्यांत पुढे असलेले शेअर्स पुढचे काही महिनेही सरासरीने पुढेच राहतात.

पण सप्टेंबर 2024 च्या शिखरावरून हा निर्देशांक पाच-सहा महिन्यांत तीस टक्क्यांच्या आसपास खाली आला. निफ्टी 50 ची घसरण त्याच्या निम्म्याच्या जवळपास होती.

"यादीचं काम फक्त तुलना करणं," तो म्हणाला. "दोनशेत तीस पुढे कोण, एवढंच ती सांगते. ते तीसही पडत असतील तर तिला त्याचं काही नाही. पैसे शंभर टक्के बाजारातच राहतात."

मोमेंटम आणि ट्रेंड फॉलोइंग ही नावं लोक एकाच दमात घेतात. पहिल्यात शेअरची स्पर्धा इतर शेअर्सशी असते. दुसऱ्यात प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा मागचा भाव विचारायचा असतो: सोनं चढतंय का, रुपया पडतोय का, कापूस कुठे चाललाय? चढत असेल तर घ्या, पडत असेल तर विका, शक्य असेल तर हातात नसतानाही विका, दिशा नसेल तर बाजूला बसा. हे काम पन्नास-शंभर वायदे बाजारांत एकाच वेळी चालवणाऱ्या फंडांना जगात मॅनेज्ड फ्युचर्स म्हणतात. रिचर्ड डॉन्चियन यांनी 1949 मध्ये अमेरिकेत असा पहिला फंड उभा केला. 2008 मध्ये जगभरचे शेअर बाजार कोसळले तेव्हा, आणि पुन्हा 2022 मध्ये, हे फंड नफ्यात होते. मोमेंटमचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. 2009 च्या वसंतात बाजार तळातून उसळला तेव्हा सर्वात मार खाल्लेले शेअर्स सर्वात वेगाने उडाले, आणि विजेते घेऊन पराभूत विकणाऱ्यांचं कंबरडं मोडलं.

ट्रेंड फॉलोइंगच्या पंथातला मला सर्वात जवळचा वाटणारा माणूस जॉन हेन्री. इलिनॉयमधल्या सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. घरात साठलेल्या मक्या-सोयाबीनचा भाव पडला तर काय, या धास्तीपोटी तो वायदे शिकला, त्यातून नियम बसवला आणि पुढे अब्जावधी डॉलर सांभाळू लागला. त्या पैशावर त्याने बोस्टनचा बेसबॉल संघ विकत घेतला. सोयगावच्या तरुणाला ही गोष्ट तोंडपाठ होती.

मग त्याने वही काढली. दोनशे पानी, आडव्या रेघांची. रोज संध्याकाळी खेडा खरेदीवाल्यांकडून आणि दोन जिनिंगवाल्यांकडून भाव विचारायचा, तारखेसमोर लिहायचा. शेजारी दोन रकाने: मागच्या वीस दिवसांतला सर्वात जास्त भाव आणि सर्वात कमी भाव. आजचा भाव त्या सर्वात कमीच्याही खाली गेला की लाल पेनने गोल. लाल गोल म्हणजे गाडी बोलवा. शिकागोच्या रिचर्ड डेनिसने 1983 मध्ये नवख्या लोकांना जो नियम शिकवला त्यातही वीस दिवसांची हीच चौकट होती.

मागच्या हंगामांचे भावही त्याने विक्रीच्या जुन्या पावत्यांवरून भरून काढले होते. 2022-23 च्या पानावर डिसेंबरात, क्विंटलला साडेआठ हजारांच्या आसपास, लाल गोल होता. त्या वर्षी त्यांच्या घरचा कापूस गेला जूनमध्ये, सात हजारांना.

"बारा हजार बघितलेले होते ना," पडद्याआडून आवाज आला. त्याचे वडील कापूस चाळवत होते. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस काही बाजारांत बारा हजारांच्या घरात गेला होता आणि तेव्हा यांच्याकडे बोंडभरही शिल्लक नव्हता. पुढच्या वर्षी सगळ्या पट्ट्याने कापूस अडवला तो याच बारा हजारांसाठी. बाहेर सूतगिरण्यांची मागणी आटत होती, पण घराघरांत बारा हजारांचीच वाट पाहिली जात होती.

वडील बाहेर आले, खांद्यावर तंतू चिकटलेले. "त्याला एक पान मागं उलटायला सांगा."

मुलाने उलटलं. 2021 चा डिसेंबर. नोव्हेंबरअखेर ओमिक्रॉनची बातमी आली, भाव थोडा मोडला, आणि वहीत आठ हजारांच्या जवळ लाल गोल. त्यानंतर भाव चढत गेला तो थेट त्या उन्हाळ्यापर्यंत.

"त्या साली तुझ्या वहीनं बारा हजार घालवले असते का नाही?"

"घालवले असते, अप्पा."

या उत्तराने मी थांबलो. माझा ओढा या वहीकडेच आहे आणि तो लपवत नाही, पण वडिलांनी बोट ठेवलं ते नेमक्या दुखऱ्या जागेवर. वायद्यातला फंड डिसेंबरात बाहेर पडला असता आणि जानेवारीत भावाने वीस दिवसांची वरची रेघ ओलांडताच पुन्हा आत शिरला असता. चार वेळा थोडं थोडं नुकसान सोसायचं आणि पाचव्या मोठ्या लाटेत ते भरून काढायचं, यावरच त्याचा धंदा चालतो. लाट बरीच वर्षं आली नाही की भलेभले थकतात. हेन्रीच्या कंपनीनेही 2012 मध्ये लोकांचे पैसे सांभाळणं बंद केलं. शेतकऱ्याने मात्र एकदा कापूस काट्यावर चढवला की तो परत घेता येत नाही. त्याच्याकडे बाहेर पडायचं दार आहे, आत यायचं नाही. वर, एकच वस्तू आणि वर्षातून एकच डाव.

म्हणून मुलाने नियम बदलला होता. लाल गोल आला की सगळा माल विकायचा नाही, तिसरा हिस्सा विकायचा. पुढच्या गोलाला पुढचा तिसरा. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, अप्पांशी तीन हंगाम भांडून ठरलेलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

मी विचारलं, गिऱ्हाइकांना हा ट्रेंड फॉलोइंगचा प्रकार का विकत नाहीस? म्युच्युअल फंडांच्या साध्या योजनेत तो बसतच नाही, असं त्याने सांगितलं. हातात नसलेलं विकायची आणि उधारीवर खेळायची मुभा तिसऱ्या श्रेणीच्या पर्यायी फंडांना आहे, आणि तिथे किमान एक कोटी लागतात. सेबीने त्याच आठवड्यात स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंडाची चौकट जाहीर केली होती, 1 एप्रिलपासून लागू, किमान दहा लाख. सोयगावात महिन्याला हजाराची एसआयपी करणारी माणसं आहेत. त्यांच्या वाट्याला यादी येते, लाल गोल येत नाही. ज्यांना पडझड सर्वात कमी झेपते त्यांनाच दार नसलेली खोली मिळावी, हे मला पटत नाही. निदान विकताना एवढं तरी स्पष्ट सांगायला हवं की हा फंड पडत्या बाजारातही आतच राहणार आहे. तो सांगतो. मोठ्या शहरांतल्या चकचकीत माहितीपत्रकांत ते वाक्य बारीक अक्षरात असतं आणि वरचा परतावा ठळक.

दुपारी पिकअप आली. पहिल्या तिसऱ्या हिश्शाला लाल गोल आधीच पडला होता. लांब धाग्याचा हमीभाव 7,521 होता, पण सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, नोंदणी, ओलाव्याची चाचणी आणि रांग धरण्यापेक्षा अप्पांनी दारातला व्यापारी पसंत केला. गाठोडी बाहेर आली, काटा लागला, कवडीवरून थोडी घासाघीस झाली. गाडी भरेपर्यंत आई दारात उभी होती, दोन्ही हातांना खोबरेल चोळत.

"उरलेल्याचं काय?" अप्पांनी विचारलं.

"पुढचा गोल आला की."

"आणि आलाच नाही तर? बारा हजारांची वाट बघायची का नाही?"

"वही काय म्हणते ते म्हणू द्या," आई म्हणाली, "होळीला पोरी यायच्यात. त्याच्या आत खोली रिकामी पाहिजे."

मुलाने खिशातून पेन काढलं आणि रकान्यांच्या खाली लिहिलं: 13 मार्च, भाव कोणताही असो.